फवारणी पंप गळतो? दोष शोधा आणि घरच्या घरी दुरुस्त करा

पाठीवरचा फवारणी पंप नाही असे घर आज गावात सापडणे कठीण आहे. पण या पंपाची निगा मात्र फारशी राखली जात नाही. हंगाम संपला की तो गोठ्याच्या कोपऱ्यात पडतो आणि कपाशीवर किंवा तुरीवर कीड दिसली की तसाच बाहेर निघतो. पंप थोडा गळतो हे लक्षात येते. मग सांध्याला चिंधी बांधली जाते, पाठीवर गोणपाट घेतले जाते आणि काम चालू राहते. ही सवय धोक्याची आहे.

थोडी गळती म्हणजे किती?

समजा, एखाद्या सांध्यातून मिनिटाला १० मि.लि. द्रावण ठिबकते. १६ लिटरची टाकी संपायला २० मिनिटे लागली, तर एका टाकीमागे २०० मि.लि. द्रावण वाया जाते. दिवसभरात १० टाक्या मारल्या तर २ लिटर होतात. हे द्रावण पिकावर न पडता फवारणाऱ्याच्या पाठीवर, कमरेवर आणि तेथून जांघेत उतरते. कीटकनाशक केवळ तोंडावाटेच नव्हे, तर कातडीतूनही शरीरात जाते. जांघेतील नाजूक कातडी हातापेक्षा कित्येक पटींनी अधिक औषध शोषून घेते. घामाने भिजलेला सदरा किंवा औषध प्यालेले गोणपाट ते विष दिवसभर अंगाशी धरून ठेवते.

सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी अनेक कारणे त्यामागे होती. गळका पंप या धोक्यात भर घालतो, आणि हे एक कारण आपल्याला घरीच दूर करता येते.

तपासणी साध्या पाण्यावर करावी

टाकीत औषध असताना दोष शोधू नये. प्रथम रबरी हातमोजे घालून पंप स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावा. प्रत्येक वेळी थोडे पाणी नळी व नोझलमधून बाहेर काढावे. हे पाणी विहीर, ओढा, गुरांचे पाणी पिण्याचे ठिकाण किंवा घराची मोरी येथे टाकू नये. ज्या पिकावर फवारणी केली त्याच शेतात पसरून टाकावे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आता पंप बाहेरून कोरडा पुसावा. जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवावा व अर्धी टाकी स्वच्छ पाणी भरावे. पाणी वरून झिरपून खाली जमते, म्हणून बूड ओले दिसले तरी दोष बुडातच असतो असे नाही. प्रत्येक सांध्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळावी. जी पट्टी आधी भिजेल तेथे दोष आहे असे समजावे. त्यानंतर पुढील चार पायऱ्यांनी जावे.

१. दांडा न हलवता १० मिनिटे थांबावे. पाणी आले तर टाकीला चीर आहे किंवा बुडाशी असलेला सांधा सैल आहे.

२. कॉक बंद ठेवून दांडा मारावा. दांडा जड झाल्यावर पाणी दिसले तर दोष दाबाच्या बाजूस, म्हणजे पंपाचे नळकांडे, दाबकक्ष, नळी किंवा कॉक यांत आहे. हाताने दांडा मारायच्या पंपात खुद्द टाकीत दाब नसतो, हे लक्षात ठेवावे.

३. कॉक उघडून फवारावे व पुन्हा बंद करावा. कॉक आणि नोझल यांचे दोष येथे कळतात.

४. टाकी भरून झाकण लावावे व पंप वाकवून पाहावा. पाणी आले तर दोष झाकणाचा आहे.

दोष आणि उपाय

झाकण : झाकणातील रबरी चकती हरवलेली किंवा कडक झालेली असते. ती बदलावी. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र व पडदा असतो. ते बुजले की टाकी आत ओढली जाते. अशा वेळी काहीजण खिळ्याने नवे भोक पाडतात. मग वाकताच द्रावण मानेवर सांडते. भोक पाडू नये, मूळ छिद्र धुऊन मोकळे करावे. टाकीवरील खुणेच्या वर द्रावण भरू नये.

पंपाचे नळकांडे : दांडा मारताना येथून पाणी येत असेल, तर आतील वाटीसारखे वॉशर (बकेट) झिजलेले असते. ते काढताना वाटीचे तोंड कोणत्या बाजूस होते ते पाहून ठेवावे व नवे तसेच बसवावे. चामडी वॉशर बसवण्यापूर्वी गोड्या तेलात भिजवून मऊ करावे. रबरी वॉशरला डिझेल किंवा यंत्राचे तेल लावू नये, कारण त्याने साधे रबर फुगते. साबणाचे पाणी लावल्यास ते सहज बसते.

नळी : बहुधा ती जोडाजवळच चिरते. चिरलेला तुकडा धारदार सुरीने सरळ कापून टाकावा, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावे व पुन्हा बसवून क्लिप आवळावी. तारेचा पीळ देऊ नये, तार नळीलाच कापते. नळी मध्येच तडकली असेल तर नवीन घ्यावी.

कॉक : मुठीजवळ हात ओला होत असेल तर आतील रबरी कडी बदलावी. कॉक बंद केल्यावरही नोझलमधून थेंब पडत राहिले, तर दोष नोझलचा नसून कॉकचा असतो. आत वाळूचा कण अडकलेला असतो. तो खोलून धुवावा.

नोझल : फवारताना टोपणाखालून पाणी येत असेल तर वॉशर पाहावे व टोपण हाताने घट्ट करावे. नोझल तारेने किंवा खिळ्याने टोकरू नये, छिद्र मोठे होते. मऊ ब्रश किंवा गवताची काडी वापरावी. तोंडाने कधीही फुंकू नये.

टाकी : प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेल्यास डिंक, लांबी किंवा तापवलेल्या लोखंडाचा डाग टिकत नाही. टाकीच बदलावी.

आतली गळती : बाहेर कोठेही ओल नाही, तरी दांडा जड होत नाही किंवा लगेच सैल पडतो, अशा वेळी व्हॉल्व्हची गोळी नीट बसत नसते व पाणी टाकीत परत येते. गोळी व तिची बैठक धुवावी. द्रावण नेहमी गाळणीतून गाळूनच भरावे.

बॅटरीवर चालणाऱ्या पंपात मोटर व बॅटरी टाकीच्या खाली असतात. गळती तेथे पोचल्यास पंप बंद पडतो. असा पंप उघडण्यापूर्वी बटण बंद करून बॅटरी वेगळी करावी.

दुरुस्तीनंतर

चारही पायऱ्या पुन्हा कराव्यात. सर्व पट्ट्या कोरड्या राहिल्या तरच टाकीत औषध घालावे. आपल्या पंपाच्या बनावटीच्या वॉशरचा एक संच व एक जादा क्लिप हंगामापूर्वीच आणून पंपासोबत ठेवावी. फवारणी चालू असताना गळती सुरू झाल्यास पंप लगेच उतरवावा. उरलेले द्रावण त्याच औषधासाठी राखलेल्या, खूण केलेल्या बादलीत काढावे, ओले कपडे बदलावेत व अंग साबणाने धुवावे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

हंगाम संपल्यावर पंप तीन वेळा धुऊन, सावलीत वाळवून, झाकण उघडे ठेवून उलटा टांगावा. उन्हात ठेवल्यास प्लॅस्टिक व रबर लवकर तडकते.

फवारणाऱ्यास डोकेदुखी, चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास काम थांबवावे. त्याला शेताबाहेर न्यावे, कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे आणि विलंब न करता दवाखान्यात न्यावे. औषधाचा डबा व त्यासोबतचे माहितीपत्रक डॉक्टरांना दाखवावे. उताऱ्याची माहिती त्यावर छापलेली असते. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

पुष्कळदा पंप मालकाचा असतो आणि तो पाठीवर घेणारा मजूर असतो. गळक्या पंपाबद्दल बोलायला तो संकोचतो. म्हणून पंप तपासून देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. सुटा भाग कोणता घ्यावा याबद्दल शंका असल्यास जुना भाग सोबत घेऊन दुकानात जावे, किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. अर्ध्या तासाचे काम आणि काही रुपयांचे वॉशर एवढ्यावर औषधाची नासाडी थांबते आणि माणसाच्या जिवाचा धोकाही कमी होतो. तेव्हा पुढच्या फवारणीपूर्वी पंप एकदा साध्या पाण्यावर तपासूनच घ्या.