रॅमचा वेग आणि पेढीचा हिशेब

सुरतेतील व्यापारी पेढ्या आणि संगणक यांचा संबंध आता अतूट झाला आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून रिंग रोडवरील कापडबाजारातील लहान गाळेधारकासही संगणकावाचून गत्यंतर उरले नाही. कच्च्या हिऱ्यातून कोणता घाट काढल्यास वजन अधिक राखले जाईल, याचा हिशेबही संगणकच मांडतो. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीस कर्जाऊ रकमा देणारे आमच्या सुरतेचे वीरजी व्होरा यांच्या काळी चोपडीतील शाई एकदा वाळली की आकडा स्थिर होई. संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, आकडा असा स्थिर नसतो. तेथे तो विद्युतभाराच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने राहतो. हा भार सतत गळत असल्याने साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो.

एक थेंब ढळला तर काय घडते? 2003 साली बेल्जियममधील स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराच्या खाती 4096 मते अधिक पडली. दोनाचा बारावा घात बरोबर 4096 होतो. स्मृतीतील एकच खूण उलटली असावी, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. खातेवहीतही असे घडू शकते, आणि तेही कोणतीही सूचना न मिळता.

आता मूळ तक्रारीकडे वळू. पट्टीवर 3200 छापलेले असते, संगणक मात्र 2133 किंवा 2400 दाखवितो. यात फसवणूक झाली असे समजू नये. बाजारातील अनेक पट्ट्यांवरील मोठा आकडा एक्सएमपी नावाची योजना चालू केल्यावरच गाठला जातो. त्यासाठी डीडीआर 4 जातीच्या पट्टीस नेहमीच्या 1.2 ऐवजी बहुधा 1.35 व्होल्ट द्यावे लागतात. चार पट्ट्या बसविल्यास वेग आणखी उतरतो. रायझन 7000 मालिकेतील प्रोसेसर दोन पट्ट्यांसह 5200 ची ग्वाही देतो, चारांसह केवळ 3600 ची.

खरी चिंता वेगळीच आहे. वेग कमी असूनही संगणक मध्येच बंद पडतो, निळा पडदा दिसतो, फाइली बिघडतात. अशा वेळी कारागीर वेग आणखी उतरवून देतो आणि पेढीवाला निश्चिंत होतो. आमच्या मते ही निश्चिंती घातक आहे. 3200 च्या वेगाला सोळा ठोक्यांत उत्तर देणाऱ्या पट्टीस 10 नॅनोसेकंद मिळतात. तेच सोळा ठोके 2133 ला ठेवले तर 15. दीडपट सवड मिळूनही जी पट्टी चुकते, तिचा दोष वेगात नसून अन्यत्र आहे.

तो शोधण्यापूर्वी नोंदींची प्रत काढावी, मात्र जुन्या प्रतीवर नवी चढवू नये. बिघडलेली स्मृती चुकीचा आकडाही इमानाने उतरवून ठेवते. मग बायोसमधील सर्व मांडणी मूळ स्थितीत आणावी, कारण कोणीतरी हाताने बदललेले व्होल्ट वा ठोके तसेच राहिलेले असतात. वीज तोडून पट्ट्या काढाव्यात, मऊ कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोनेरी कडा पुसावी व खटका वाजेपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवावी. पावसाळ्यातील दमट हवा आणि कापडाची तूस यांमुळे आमच्याकडे हे काम पहिलेच करावे. खोडरबराने घासण्याची रीत आम्हांस पसंत नाही. त्याचा चुरा खाचेत राहतो.

त्यानंतर एकेक पट्टी एकाच खाचेत बसवून मेमटेस्ट 86 रात्रभर चालवावी. एकही चूक क्षम्य मानू नये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष. ती हमीत असल्यास बदलून घ्यावी. चूक खाचेबरोबर राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरची बैठक तपासावी. एकेकटी निर्दोष ठरून जोडीने चुकणाऱ्या पट्ट्या बहुधा निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या बनावटीच्या घेतलेल्या असतात. एकाच पाकिटातील जोडी घेणे बरे. सर्वच पट्ट्या सर्व खाचांत चुकल्या, तर वीजपुरवठ्याच्या पेटीकडे पाहावे.

दोष सापडल्यावर बिघाडाच्या काळातील नोंदी छापील बिलांशी ताडून घ्याव्यात. ज्या पेढीचे सर्व हिशेब एकाच यंत्रावर आहेत, तिने पुढील खरेदीत ईसीसी जातीची स्मृती, व ती चालविणारा मदरबोर्ड आणि प्रोसेसर, यांची चौकशी करावी. एक खूण उलटली तर ती स्वतःच दुरुस्त करते.