कळसूबाईइतकं उंच दुसरं नाही

तास इंग्रजीचा असला तरी फळ्यावर मी आधी तीन उंच्या लिहिते : एव्हरेस्ट ८८४९ मीटर, कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७. विशेषणांची नकारार्थी तुलना शिकवायची तर मोजलेली गोष्ट हाताशी असलेली बरी. कोण कुणाइतकं हुशार नाही यावर दहावीचा वर्ग भांडत बसतो. मीटरवर कुणी भांडत नाही. शिवाय आमचा तालुका अकोले. कळसूबाईची ओळख करून द्यावी लागत नाही.

'साल्हेर कळसूबाईइतकं उंच नाही' हे वाक्य मुलं चटकन देतात. त्याचं इंग्रजी होतं 'साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई'. आपलं 'इतकं' एकदाच येतं आणि नामाला चिकटतं. इंग्रजीत विशेषणाच्या अलीकडे एक 'ॲज' आणि पलीकडे एक. बहुतेक चुका त्या पलीकडच्या 'ॲज'पाशी होतात. तुलना म्हटली की 'दॅन' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून वह्यांत 'नॉट ॲज हाय दॅन' सापडतं. काही जण 'नॉट ॲज हायर ॲज' लिहितात. मी दोन 'ॲज'च्या मधे एक चौकट काढते : हिच्यात विशेषण मूळ रूपातच बसेल, शेपूट लावायचं नाही.

मग सारख्या उंचीच्या दोन मुलींना उभं करते. पहिली दुसरीपेक्षा उंच नाही, म्हणजे 'नॉट टॉलर दॅन', हे खरं. पण 'नॉट ॲज टॉल ॲज' म्हटलं तर ती बुटकी ठरते, आणि ते खोटं. पहिल्या वाक्यात बरोबरीला जागा आहे, दुसऱ्यात नाही. बीजगणितातलं 'पेक्षा लहान किंवा समान' हे चिन्ह फळ्यावर काढलं की मागच्या बाकांवरही माना हलतात. 'लेस' इथे फारसं कामाचं नाही. 'लेस डिफिकल्ट', 'लेस एक्स्पेन्सिव्ह' अशा लांब विशेषणांपुढे ते शोभतं. 'लेस टॉल' सहसा कुणी म्हणत नाही.

परीक्षेसाठी 'डिग्री बदला'चा सरावही करावा लागतो. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र' याचं पॉझिटिव्ह डिग्रीत 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई' असं होतं. "मॅडम, पॉझिटिव्ह आहे तर 'नो' कसं?" हा प्रश्न ठरलेला. पॉझिटिव्ह हे विशेषणाच्या मूळ रूपाचं नाव, वाक्य होकारार्थी असण्याशी त्याचा संबंध नाही. 'अदर' गाळला तर काय होईल, हे मी मुलांनाच विचारते. कळसूबाईसुद्धा महाराष्ट्रातलंच शिखर, मग ते स्वतःइतकंही उंच नाही असा अर्थ निघेल! मराठीत आपण 'दुसरं' म्हणतो ते याचसाठी.

पाठ केलेलं सूत्र इथवर पुरतं. बोलण्यात मात्र फरक किती, हेही सांगावं लागतं. साल्हेर कळसूबाईहून फक्त ७९ मीटरनं कमी, म्हणून 'नॉट क्वाइट ॲज हाय'. कळसूबाई आणि एव्हरेस्ट यांच्यात ७२०३ मीटरचं अंतर, तिथे 'नोव्हेअर निअर ॲज हाय'. नकार दोन्हीकडे आहे, पण एकात किंचित कमी आणि दुसऱ्यात तुलनाच नको. विशेषण कोणतं निवडलं यावरही बरंच ठरतं. 'नॉट ॲज टॉल ॲज' म्हटल्यानं कुणी उंच आहे असं ठरत नाही; 'नॉट ॲज शॉर्ट ॲज' म्हटलं की ज्याच्याशी तुलना केली त्याला आधीच बुटका ठरवून टाकलेलं असतं.

शेवटी दुसऱ्या 'ॲज'नंतर नामाऐवजी पूर्ण वाक्य घ्यायला लावते, 'वाटलं तितकं अवघड नव्हतं' या चालीवर. कळसूबाईच्या पायथ्याकडून येणारा एक मुलगा उठला. नवरात्राच्या जत्रेला तो लोखंडी शिड्यांवरून वर जाणारा. म्हणाला, "कळसूबाई इज नॉट ॲज डिफिकल्ट ॲज टूरिस्ट्स थिंक." दोन्ही 'ॲज' जागच्या जागी. मी 'व्हेरी गुड' म्हणेपर्यंत शेजारच्यानं पुढचं वाक्य जोडलं : "टूरिस्ट्स आर नॉट ॲज फिट ॲज दे थिंक."