आकार धरून ठेवताना

32 अंश सेल्सिअस म्हणजे पुण्यातली साधी दुपार. पण पेशीपटलातून सोडवून साबणासारख्या द्रवात ठेवलेल्या बीटा-1 रिसेप्टरला एवढी ऊबही सोसत नाही. अर्ध्या तासात सुमारे निम्मे रेणू विस्कटतात, औषध धरेनासे होतात. केंब्रिजच्या एमआरसी रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत ख्रिस टेट, रिचर्ड हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उबेला परीक्षक केले.

हा रिसेप्टर म्हणजे हृदयपेशीच्या पटलात रोवलेली सात पिळदार दांड्यांची जुडी. बाहेरच्या खोबणीत अॅड्रेनॅलिन बसले, की दांड्यांची आतली टोके सरकतात, मोकळ्या झालेल्या जागी जी-प्रथिन येऊन बिलगते आणि ठोके वाढतात. अॅड्रेनॅलिन स्वतः आत जात नाही. निरोप जातो तो बदललेल्या आकारातून. पण हा आकार सतत हलता असतो, आणि रचना पाहण्यासाठी स्फटिक जमायचा तर असंख्य रेणू एकाच ठेवणीत हवेत.

म्हणून प्रथिन निवडले ते टर्की पक्ष्याचे, जात्याच थोडे टिकाऊ. त्यातली तीनशेच्या वर अमिनो आम्ले एकेक करून बदलली. एक बदल करायचा, प्रथिन बनवायचे, तापवायचे, आणि किरणोत्सारी खूण लावलेले औषध अजून किती चिकटते ते मोजायचे. मग पुढचा बदल. बहुतेकांतून फारसे हाती लागत नाही, तरी एकही गाळता येत नाही. या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. निवडक 6 बदल एकत्र आले तेव्हा टिकाव 21 अंशांनी वाढला. शिवाय रिसेप्टर शांत, निरोप न देणाऱ्या ठेवणीकडे झुकला.

2008 मध्ये त्याची रचना 2.7 अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट दिसली. 2011 मध्ये त्याच खोबणीत उत्तेजक औषधे बसवून पाहिली, तर खोबण सुमारे 1 अँगस्ट्रॉमने आकसलेली आढळली. मिलिमीटरचा एक कोटीवा भाग! पूर्ण जोर लावणारे आयसोप्रेनालिन पाचव्या दांड्यावरच्या एका सेरीन अमिनो आम्लाला हायड्रोजन बंधाने धरते. अर्धवट जोर लावणाऱ्या सालब्युटामॉलची ती पकड सुटलेली दिसली.

यातले काहीही डोळ्यांना दिसत नसताना जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत प्रोप्रानोलॉल घडवले आणि हृदयरोग्यांना दिलासा दिला. त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले. 1960च्याच दशकात ब्रिटनमधल्याच वेअर गावात डेव्हिड जॅक यांच्या चमूने दम्यासाठी सालब्युटामॉल शोधले.

एक औषध रिसेप्टर रोखते, दुसरे चेतवते. श्वासनलिकेतल्या बीटा-2 रिसेप्टरची खोबण हृदयातल्या बीटा-1सारखीच असते, जवळजवळ हुबेहूब. म्हणून प्रोप्रानोलॉल तिथेही जाऊन बसते आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळू शकते. प्रोप्रानोलॉलसारखे बीटा ब्लॉकर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दमा असल्यास आधी सांगा.