उजेडाकडे धरलेला नरक

पुण्यातल्या एका संग्राहक स्नेह्यांनी गेल्या वर्षी माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. लांबी जेमतेम सात इंच, त्यावर शेजारीशेजारी दोन जवळजवळ सारखेच फोटो. "कडेला धरा, मध्ये बोट लावू नका," ते म्हणाले. समोरून पाहिलं तर फिकट तपकिरी, सपाट चित्र: सांगाड्यांची पंगत बसलेली आणि मधोमध शिंगं असलेला यजमान. मग त्यांनी ते कार्ड दोन भिंगांच्या लाकडी यंत्रात बसवलं आणि मला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. पाठीमागून उजेड आला मात्र, चित्रात रंग चढले, पंगत दूरवर मागे सरकली आणि प्रत्येक कवटीच्या खोबणीत दोन लाल ठिणग्या पेटल्या. मी दचकून यंत्र खाली घेतलं आणि लगेच पुन्हा डोळ्यांना लावलं.

ही 1860च्या दशकातली पॅरिसची करामत. तिथे या कार्डांना 'दियाब्लरी' म्हणत, म्हणजे सैतानी लीला. आबेर, एन्तिए असे मूर्तिकार टेबलावर मावेल एवढा नरक मातीत घडवत. त्याचा जोडफोटो काढून तो अतिशय पातळ कागदावर छापत. रंग द्यायचे ते कागदाच्या पाठीला, आणि त्यामागे आणखी एक तलम कागद लावायचा, म्हणजे समोरच्या उजेडात रंगाचा मागमूस लागत नाही. डोळ्यांच्या जागी सुईने भोकं पाडून मागून लाल जिलेटिन लावायचं. गणेशोत्सवात रात्र रात्र जागून देखावा उभा करणाऱ्या कुणालाही या कामातली नजाकत लगेच कळेल. मुख्य मालिका 72 दृश्यांची. 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे, ज्याच्याकडे खगोलभौतिकीतली डॉक्टरेटही आहे, ही कार्डं कित्येक दशकं जमवत आला. 2013 साली त्याने दोन अभ्यासकांच्या साथीने त्यांच्यावर जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यासोबत पाहायचं यंत्रही दिलं. एका माणसाच्या छंदामुळे विस्मरणात गेलेला नरक पुन्हा लोकांच्या डोळ्यांसमोर आला.

या नरकात शिक्षा भोगणारे फारसे दिसत नाहीत. दिसतात ते मेजवान्या, नाच, सोडत, आगगाडी. कारण तेव्हा फ्रान्सवर तिसऱ्या नेपोलियनची सत्ता होती. 1851च्या डिसेंबरात त्याने स्वतःच्याच प्रजासत्ताकाविरुद्ध उठाव करून ती घेतली होती. छापखान्यांवर करडी नजर होती, उघड बोलायची सोय नव्हती. सैतानाच्या घरी चाललेली चैन म्हणजे राजवाड्यातलीच चैन, हे कार्ड विकत घेणाऱ्याला कळत होतं. ज्यांना इथे कुणी जाब विचारू शकत नव्हतं, त्यांना मातीच्या बाहुल्या करून नरकात बसवलं होतं.

माणसाने हाताने घडवलेल्या जवळपास प्रत्येक नरकात मला हेच दिसतं. आगीच्याही आधी तिथे एक दरबार असतो. कुणीतरी हिशेब मांडून बसलेलं असतं.

आपल्याकडे हा दरबार फार जुना. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त वडिलांच्या आजाराची बातमी ऐकून हर्ष घाईने राजधानीत परततो, तेव्हा भर बाजारात त्याला यमपट दाखवणारा भेटतो. भोवती कुतूहलाने जमलेली पोरं, डाव्या हातात काठीला लावलेला पट, त्यावर रेड्यावर बसलेला यम, आणि दुसऱ्या हातातल्या बोरूने तो एकेक प्रसंग दाखवतोय. बाप मरणाच्या दारी असलेल्या मुलासमोर बाणभट्टाने हे चित्र ठेवलं! 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर निपुणक यमपटवाल्याच्याच वेषात घरोघर शिरतो. अशा माणसाला कुणी दारातून हाकलत नसणार, हे नाटककाराला ठाऊक होतं. बंगालमधले पटुआ आजही पट उलगडत गात येतात, आणि कथा कुठलीही असो, पुष्कळदा शेवटच्या चौकटीत यमाचा दरबार असतो.

मी लहानपणी पाहिलेला यमपट छापील होता. जत्रेत तसबिरींच्या दुकानात 'करणी भरणी'चं रंगीत चित्र टांगलेलं असे. मधे यमधर्म, बाजूला वही उघडून बसलेला चित्रगुप्त, आणि सभोवार चौकटी: कुणाला कढईत तळताहेत, कुणाला करवतीने उभं कापताहेत. आजी माझं बोट धरून एकेक चौकट समजावून सांगायची. "हा बघ, मापात पाप करणारा. आणि हा, मुक्या जनावराला मारणारा."

"आणि आपला सावकार गं, आजी?"

"असेल की तोही. नीट बघ."

मी खरोखरच नीट बघत राहिलो. भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरकांची नावं आहेत, तामिस्र, रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन. आजीला त्यातली दोन-तीनच ठाऊक होती. पण सावकाराची नोंद कुठेतरी झालेली आहे, याची तिला खात्री होती आणि त्या खात्रीवर ती जगली.

सिंगापूरच्या हॉ पार व्हिला बागेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या आज्यांनी हेच केलं असेल. टायगर बामवाल्या ऑ बून हॉ यांनी 1937 साली उभारलेल्या या बागेत चिनी परंपरेतले नरकाचे दहा दरबार पुतळ्यांतून साकारले आहेत. तिथेही प्रत्येक शिक्षेला तिचा गुन्हा जोडलेला आहे.

आधुनिक लोकप्रिय नरकातून मात्र हा दरबार निघून गेला आणि आग तेवढी राहिली. तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटात दरवाझा इथे सुमारे 70 मीटर रुंदीचा वायूचा खड्डा कित्येक दशकं जळतो आहे. त्याला 'नरकाचं दार' म्हणतात आणि जगभरचे पर्यटक त्याच्या काठावर फोटो काढून घेतात. नॉर्वेत 'हेल' नावाचं रेल्वे स्थानक आहे. त्या शब्दाचा नरकाशी काही संबंध नाही, तरी इंग्रजी जाणणारे पाटीखाली उभे राहतातच. केमन बेटांवरच्या 'हेल' गावी तर टपालशिक्क्यासाठी पत्रं टाकायला लोक जातात. 1993च्या 'डूम'पासून संगणकीय खेळांत नरक म्हणजे बंदूक घेऊन पार करायचा प्रदेश झाला. मोक्षपट त्याहून किती खोल होता! ज्ञानदेवांच्या नावाने परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या आपल्या या सापशिडीत प्रत्येक सापाला एका दुर्गुणाचं नाव असे. खाली घसरणाऱ्याला कशामुळे घसरलो ते वाचता येई. खेळ विलायतेला गेला तसे दुर्गुण पुसट होत गेले, उरले नुसते साप.

दरबार टिकवला तो आपल्या सिनेमाने, विशेषतः तेलुगू सिनेमाने. 1977च्या 'यमगोला'त एन. टी. रामाराव थेट यमलोकात जाऊन यमाच्या नोकरांनाच संपावर नेतात. त्यावरूनच दोन वर्षांनी जितेंद्रचा 'लोक परलोक' आला. प्रेक्षक पोट धरून हसले. पण त्या हसण्याखाली एक गंभीर मागणी आहे. न्याय करणाऱ्याचाही न्याय झाला पाहिजे, ही.

आणि मग कॅमेरा खऱ्या नरकात गेला.

सेबास्तियाओ सालगादो यांनी 1986 साली ब्राझीलमधल्या सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीचे फोटो काढले. प्रचंड खड्डा, चिखलाने माखलेली सुमारे पन्नास हजार माणसं, पाठीवर पोती, अंगाला अंग घासत शिड्या चढणाऱ्या रांगा. फोटो पाहणाऱ्या बहुतेकांना नरकाचं काव्य लिहिणारा दांते आठवला. मला त्यात एक फरक छळतो. या माणसांना कुणी ढकललेलं नव्हतं, सोन्याच्या आशेने ती आपल्या पायांनी आली होती. जेम्स नॅक्टवे यांनी तर 1999च्या आपल्या छायाचित्रसंग्रहाचं नावच 'इन्फर्नो', म्हणजे नरक, ठेवलं: रुमानियातले अनाथाश्रम, सोमालियाचा दुष्काळ, बोस्निया, रवांडा. काळ्या-पांढऱ्या फोटोंचं ते अवजड पुस्तक मी एका बैठकीत कधी पाहू शकलो नाही. पान उलटताना दर वेळी एकच प्रश्न उभा राहतो, याने काय केलं होतं?

आजीच्या चित्रात हा प्रश्न पडत नसे. उत्तर चौकटीतच रेखाटलेलं असे. फोटोतल्या नरकात शिक्षा भोगणारा निरपराध असतो आणि गुन्हेगार चौकटीबाहेर, बहुधा दूर कुठेतरी सुखरूप.

याची परिसीमा मी भोपाळच्या फोटोत पाहिली. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. त्यानंतरच्या दिवसांत पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बाळाचा फोटो रघु राय यांनी काळ्या-पांढऱ्यात टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला त्या वर्षीचा 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च मान मिळाला. माती चेहऱ्यापर्यंत आलेली, डोळे उघडे आणि निस्तेज. पॅरिसच्या मूर्तिकारांनी कवट्यांच्या डोळ्यांत उजेड घातला होता. इथे मूल खरं आहे आणि डोळ्यांतला उजेड गेलेला. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना तेव्हा अटक झाली, लगेच जामीन मिळाला, ते मायदेशी गेले आणि खटल्याला कधीच हजर झाले नाहीत. 2014 साली वयाच्या 92व्या वर्षी ते वारले. 'करणी भरणी'त त्यांच्यासाठी कुठली चौकट काढावी, हे मी आजीला विचारू शकलो असतो तर बरं झालं असतं.

'चित्रगुप्त' या नावाची फोड करताना 'गुप्त चित्र' असाही अर्थ सांगतात. फिल्मवर फोटो काढणाऱ्यांना तो पटावा. शटर उघडून मिटलं की चित्र फिल्मवर उमटलेलं असतं, पण रसायनात बुडवेपर्यंत कुणाला दिसत नाही. नोंद झालेली असते.

यंदाच्या नरक चतुर्दशीलाही गोव्यात पोरांनी आठवडे खपून रचलेले गवत-कागदाचे अक्राळविक्राळ नरकासुर पहाटे जळतील. कोकणात अंगठ्याखाली कारीट फुटेल. आमच्या घरी आजोबा त्या दिवशी स्नानानंतर दक्षिणेकडे तोंड करून यमतर्पण करायचे. तिळमिश्रित पाणी ओंजळीतून सोडत यमाची चौदा नावं घ्यायचे: यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, असं करत करत. आजोबांच्या मागे ते मी करतो. यादीतलं शेवटचं नाव चित्रगुप्ताचं आहे. तिथे आलो की भोपाळच्या त्या बाळाचे डोळे समोर येतात, आणि ओंजळीतलं पाणी मी फार सावकाश सोडतो.