कांद्याचं परराष्ट्र धोरण

लिलाव सुरू व्हायच्या आधी आमच्या लासलगावच्या बाजारात व्यापारी एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात : आवक किती, आणि बॉर्डरचं काय? ही बॉर्डर म्हणजे पश्चिम बंगालमधली घोजाडांगा, महदीपूर, हिली, पेट्रापोल ही ठाणी. आमच्याकडच्या किती शेतकऱ्यांनी ही गावं नकाशात पाहिली असतील, देव जाणे. पण त्यांच्या साठवणीच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याला काय भाव मिळणार, हे बऱ्याच अंशी तिथल्या फाटकावर ठरतं. मी कांद्याचा व्यापारी. परराष्ट्र धोरणाचे मोठमोठे शब्द मला येत नाहीत. पण शेजाऱ्याशी आपलं कसं चाललंय, हे मला खळ्यावर बसून समजतं.

बांगलादेशात कांदा पिकत नाही असं नाही. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे जिल्हे. पण साठवणूक अपुरी, त्यामुळे पावसाळा सरता सरता त्यांचा माल संपत येतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडच्या चाळीही रिकाम्या होत असतात, आणि परतीच्या पावसाने झोडपलं की नवा लाल कांदा लांबतो. दोन्हीकडे एकदम टंचाई! मग दिल्लीहून निर्यातबंदीची अधिसूचना निघते.

29 सप्टेंबर 2019 ला अशी बंदी आली. त्यानंतर काहीच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांसमोर त्यांनी हिंदीत हसत हसत टोला हाणला : आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आता स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय. सभागृह हसलं. ढाक्यात मात्र नोव्हेंबरमध्ये कांदा किलोला 200 टाक्यांच्या वर गेला आणि सरकारला तो विमानाने मागवावा लागला. पुढच्याच वर्षी, 14 सप्टेंबर 2020 ला, पुन्हा बंदी. ढाक्याने या वेळी रीतसर नाराजी कळवली. डिसेंबर 2023 मध्ये तिसऱ्यांदा तेच.

बंदी तत्काळ लागू होते, तेव्हा निम्मा माल वाटेत असतो. कांदा म्हणजे काही सिमेंट नव्हे. ताडपत्रीखाली वाफ धरली की आधी खालच्या थरातल्या गोण्या ओल्या लागतात, मग कोंब दिसू लागतात, मग पाणी सुटतं आणि ट्रकजवळ उभं राहवत नाही. ड्रायव्हर रांगेत, पलीकडचा आयातदार फोनवर, आणि दोघांनाही सांगायला उत्तर कुणाकडेच नसतं.

अशा वेळी गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. गायींच्या बाबतीत हे आधी घडलंय. 2014 नंतर भारताने सीमेवरून जाणारी जनावरं अडवली, तेव्हा बांगलादेशात घरोघरी गुरं पाळली जाऊ लागली आणि काही वर्षांत ईदची गरज तिथलीच जनावरं भागवू लागली. कांद्याचंही तेच सुरू आहे. उन्हाळी कांद्याच्या बियाण्याला सरकारी मदत, इजिप्त, तुर्कस्तान, चीनकडून खरेदी. ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांची सत्ता गेली आणि नोव्हेंबरमध्ये कराचीहून थेट चितगावला मालवाहू जहाज लागलं. त्यात कांदाही होता.

हे टाळता येण्याजोगं होतं का? होतं, आणि त्याचा दाखला आपल्याच घरात आहे. मालदीवसोबत 1981 पासून आपला करार आहे. त्यानुसार तांदूळ, पीठ, साखर, अंडी, बटाटे, कांदे यांचा वार्षिक कोटा ठरतो आणि बंदीच्या काळातही तो पाळला जातो. तिथे मोहम्मद मुइझ्झू ‘इंडिया आउट’ची हाक देत राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, भारतीय सैनिकांना परत जायला सांगितलं गेलं. तरीही एप्रिल 2024 मध्ये, आमच्या बाजारात निर्यातबंदी असताना, भारताने मालदीवला वर्षासाठी 35,749 टन कांदा मंजूर केला. भांडण भांडणाच्या जागी, रेशन रेशनच्या जागी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत अधिकृत दौऱ्यावर आले. कांद्यामुळे आले असं मी म्हणणार नाही, पण दार बंद झालं नव्हतं, एवढं खरं.

शहरातल्या गिऱ्हाइकाचं काय, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. 1998 मध्ये कांदा महागला आणि दिल्लीत भाजपच्या हातून सत्ता गेली, हे कुठलंच सरकार विसरत नाही. पण 2024 च्या लोकसभेत आमच्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, तेव्हा शेतकऱ्याच्या रागातही कांदा होता. म्हणजे रात्रीतून घातलेल्या बंदीने राजकीय नुकसान टळतं, हाही भ्रमच.

बांगलादेशाने डिसेंबर 2022 मध्ये दिल्लीतल्या मंत्रिस्तरीय बैठकीत कांद्यासह जीवनावश्यक मालाचा असाच वार्षिक कोटा मागितला होता. तो द्यावा. बंदी घालायचीच असेल तर मुदत देऊन घालावी आणि वाटेतला माल सोडावा. ढाक्यात आज कुणाचं सरकार आहे, उद्या कुणाचं येईल, याच्याशी हे जोडू नये. सरकारं बदलतात, दोन्ही बाजूंचा कांदा मात्र दरवर्षी त्याच महिन्यांत कमी पडणार आहे.