नामशेष प्राण्यांचा पुनर्जन्म : शक्य किती, उचित किती?

पृथ्वीतलावरून कायमचा नाहीसा झालेला प्राणी विज्ञानाच्या साहाय्याने पुन्हा जन्माला घालता येईल काय? हा प्रश्न आता केवळ चित्रपटांपुरता उरलेला नाही. स्पेनमधील एका रानबकरीची हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे.

स्पेन व फ्रान्सच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात ‘बुकार्दो’ नावाची रानबकरी आढळत असे. प्रामुख्याने शिकारीमुळे तिची संख्या घटत गेली व अखेरीस एकच मादी उरली. तिचे नाव सेलिया. १९९९ साली तिच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्या गोठवून ठेवण्यात आल्या. जानेवारी २००० मध्ये सेलिया मरण पावली आणि बुकार्दो नामशेष झाली.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी शेळीच्या अंडपेशीतील केंद्रक काढून तेथे सेलियाच्या पेशीतील केंद्रक बसविले. प्रयोगाच्या एका टप्प्यात असे १५४ भ्रूण ४४ माद्यांच्या उदरात सोडण्यात आले. त्यांपैकी मोजक्याच माद्यांना गर्भधारणा झाली. ३० जुलै २००३ रोजी एकच पिल्लू जिवंत जन्मले. त्याचे वजन २.६ किलो होते. परंतु फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच ते दगावले. नामशेष झालेली एक जात क्षणभर परतली आणि पुन्हा नाहीशी झाली.

ते पिल्लू जगले असते तरी पुढे काय? तीही मादीच होती आणि तिच्या जातीचा नर कोठेही उरलेला नव्हता. एक प्राणी म्हणजे एक जात नव्हे. जात टिकण्यासाठी कळप हवा, आनुवंशिक विविधता हवी, जगण्याची रीत शिकविणारी आई हवी आणि राहायला रान हवे.

दुसरी मर्यादा काळाची आहे. क्लोनिंगसाठी अखंड केंद्रक लागते. मृत्यूनंतर मात्र डीएनएचे तुकडे होऊ लागतात. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडमधील असून तो सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे, तोही तुकड्यांच्या रूपात. डायनोसॉर तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. बर्फात गाडलेल्या मॅमथचीही अखंड पेशी उपलब्ध नसल्याने हत्तीच्या जनुकांत बदल करण्याचा मार्ग अवलंबिला जात आहे. त्यातून जन्मेल तो मॅमथसारखा दिसणारा हत्ती, मॅमथ नव्हे.

मग हे तंत्र निरुपयोगी समजावे काय? तसे नाही. अमेरिकेतील काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसासारखे दिसणारे प्राणी जवळजवळ नष्ट झाले होते. आजची त्यांची संख्या अवघ्या सात पूर्वजांपासून वाढलेली आहे. १९८८ साली मरण पावलेल्या एका मादीच्या गोठविलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्माला आला. त्याच पेशींपासून निर्माण झालेल्या दुसऱ्या एका मादीने २०२४ साली पिलांना जन्म दिला व त्या जातीत हरवलेली विविधता परत येऊ लागली.

या दोन उदाहरणांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. बुकार्दोच्या बाबतीत सारे संपल्यावर धावपळ झाली. फेरेटच्या बाबतीत जिवंत असलेल्यांना आधार मिळाला. ‘हरवलेले पुन्हा घडविता येईल’ या भरवशावर उरलेल्यांच्या रक्षणात ढिलाई झाली, तर विज्ञानाचे हे सामर्थ्य हानिकारकच ठरेल. प्रयोगशाळा पेशी जपू शकते. रान जपण्याचे कर्तव्य मात्र आपणा सर्वांचे आहे.