शोषखड्ड्याआधी माती पाहा

जुलाबाचा रुग्ण आला की मी विचारतो, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब?

खानदेशातली काळी माती भिजली की फुगते; सेप्टिक टँकचे पाणी मुरत नाही, वर येते. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र गोटे-वाळूतून, धुळ्याकडे खडकाच्या भेगांतून ते झरझर उतरते. आपण निर्धास्त होतो. पण न गाळलेली घाण भूजलात मिसळते.

म्हणून आधी छोटा खड्डा खणून रात्रभर भिजवा. सकाळी पाणी भरा. एक इंच उतरायला तासाहून जास्त लागला, तर शोषखड्डा नको. विहीर-बोअरपासून किमान १८ मीटर अंतर ठेवा; भेगाळ खडकात तेही कमी पडू शकते.

उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ते पाणी तान्ह्याच्या दुधात घालू नका.